रेडिओ खोलणारा पोरगा गेला कुठे?

मागच्या अंकात मी चाळीसगावच्या केकी मूस यांच्यावर लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा, कलेचं वेड, इंग्लंडला जाऊन शिकून आले आणि मग चाळीसगावातल्या त्यांच्या घरात जवळजवळ अर्धं शतक राहिले, १९८९ ला वारले तोपर्यंत. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून असा देखावा उभा करायचे आणि असा फोटो काढायचे की बघणारा म्हणेल ही खरीच जागा आहे. लेख माझ्या मते बरा जमला होता. पण त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले त्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, ताई त्यांचं छान झालं हो, आमचं काय? आमच्या पण लहानपणी काहीतरी वेड होतं, ते कुठे गेलं? म्हणून या वेळी बाकीचे सगळे प्रश्न (एक सासूबाईंचा आहे, एक प्लॉटच्या वाटणीचा आहे, थांबा जरा) बाजूला ठेवले आणि फक्त हेच घेतले.

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला केळीवाला, वय ५२. लहानपणी मला रेडिओचं फार वेड होतं. घरात एकच ट्रान्झिस्टर होता, तो मी तीनदा खोलला, दोनदा परत लागला, तिसऱ्यांदा नाही लागला तेव्हा आप्पांनी मला पऱ्हाटीच्या काडीने झोडपलं. म्हणायचे, 'रेडिओ खोली खोली पोट भरस का रे?' दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला होता पण त्याच वर्षी आप्पा गेले आणि सात एकर जमीन माझ्या गळ्यात आली. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली केळी करतोय. तुमचा लेख वाचला आणि रात्री झोप नाही आली. वाटलं तो पोरगा मेला आपल्यातला. आता तर वेळच नसतो, कोणाचं ड्रिप चालेना, कोणाची मोटर उचलेना, कोणाचा स्टार्टर सारखा ट्रिप होतो, लोक मलाच बोलावतात, बायको म्हणते गावाचा फुकट मिस्त्री, त्यातच दिवस जातो. खरं सांगा, माझं आयुष्य वाया गेलं का?

भाऊ, तुमना पत्रमाच उत्तर शे. शेवटी शेवटी तुम्ही वैतागून जे लिहिलंय ना, 'लोक मलाच बोलावतात', ते वाक्य मी चारदा वाचलं. आधीचं सगळं पत्र दुःखाचं आहे आणि तुम्हाला जे हवं होतं ते तुम्ही तक्रारीत टाकून दिलंय.

तुम्हाला रेडिओ आवडायचा असं तुम्ही म्हणता. मला नाही तसं वाटत. रेडिओ आवडणारा माणूस गाणी ऐकत बसतो, बाजेवर पडून, उशीजवळ ट्रान्झिस्टर ठेवून, आमच्या घरी तसे माझे काका होते, त्यांनी आयुष्यात कधी त्याचं मागचं झाकण उघडून सेल सुद्धा स्वतः बदलले नाहीत. तुम्हाला आवडत होता तो बंद पडलेला रेडिओ. आवाज येत नाही तर तो कुठे अडलाय, सेलपासून स्पीकरपर्यंत वायर धरून बोट फिरवत जायचं, इथपर्यंत ठीक, इथपर्यंत ठीक, आणि मग एका ठिकाणी वायरचा डाग (जोड) सुटलेला दिसतो, त्या क्षणाचं वेड होतं तुम्हाला. चालू रेडिओ तुम्ही का खोलला याचं पण उत्तर हेच असणार, बंद पडलेला मिळत नव्हता म्हणून.

आता मला सांगा, एखाद्याच्या बागेत केळीचं पान पिवळं पडलं की तुम्ही काय करता? मी विचारतेय कारण माझ्या भावाची यावलकडे बाग आहे आणि तिथे झालेली गोष्ट मला माहीत आहे. प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यातली झाडं पिवळी पडायला लागली, ऐन निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या तोंडावर. दुकानदाराने सांगितलं मॅग्नेशियम कमी आहे, फवारणी झाली, मग फेरस झालं, चार हजाराच्या वर गेले, पानं पिवळी ती पिवळीच. मग शेजारच्या गावातला एक जण आला, तुमच्यासारखाच फुकट मिस्त्री. त्याने पानाकडे बघितलं पण नाही. सरळ चालत लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपच्या नळीच्या शेवटाला गेला, एंड कॅप काढली, आतून चहासारखं तांबूस पाणी ठिबकलं, धार नाहीच. परत चालत फिल्टरपर्यंत आला, जाळी काढली तर बोअरच्या पाण्याच्या क्षाराने गच्च भरलेली. भावाने नंतर सांगितलं की त्या माणसाचा चेहरा असा झाला होता जसा त्याला सोन्याची अंगठी सापडली. पैसे घेतले नाहीत, चहा पण अर्धाच प्यायला, कारण पुढच्या शेतात जायचं होतं.

तो पोरगा मेला म्हणता? अहो, तो रोज रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या शेतात जातोय, जेवण गार होतंय, बायको ओरडतेय. मेलेली माणसं असं करत नसतात. सेल-स्पीकरच्या जागी फिल्टर आणि ड्रिपर आलाय एवढंच. आयटीआय झाली असती तर कदाचित टीव्ही रिपेअरचं दुकान टाकलं असतं, मग ते टीव्ही बदलले, आता बोर्डच बदलून टाकतात, आत बघायचं कामच संपलं, असली किती तरी दुकानं मी बंद झालेली बघितली. केळीत मात्र तुमच्या त्या बोटाला अजून काम आहे.

माझंच सांगते म्हणजे मी हवेत बोलतेय असं वाटायला नको. मी लहानपणी एसटीची तिकिटं जमवायची. तेव्हा ती छापील रंगीत तिकिटं असायची, कंडक्टरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गठ्ठे लावलेले, चिमट्याने टकटक भोकं पाडून द्यायचा. उतरणाऱ्या माणसांकडून मी ती मागून घ्यायची, बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. सगळ्यांना वाटायचं हिला प्रवासाचं वेड आहे, ही पुढे जग फिरणार. मी नाशिकच्या पुढे फारशी गेलेली नाही. मी त्या तिकिटांचं काय करायची तर रोज दुपारी डबा ओतून ती परत लावायची, आज रंगाने, उद्या पैशाने, परवा भोक कुठे पडलंय त्यावरून. आणि पुढे माझी नोकरी काय झाली तर एका शाळेत ग्रंथपाल. वडिलांना डी.एड. करायचं होतं माझं, तिथे नंबर हुकला म्हणून ग्रंथालयाचा कोर्स केला, म्हणजे योगायोगच सगळा. पण पहिल्या दिवशी मॅडमनी शिकवलं की जगातल्या सगळ्या पुस्तकांचे आधी दहा भाग करायचे, मग प्रत्येकाचे परत दहा, आणि मी घरी येऊन आईला सांगितलं की आई, हे तर तिकिटांसारखं आहे. तीस वर्षं मी तेच केलं आणि पगार घेतला.

हां, आता कोणी म्हणेल की तुम्ही मागून गोष्ट जुळवताय. थोडी जुळवतेच. मी भोवरा पण खेळायची, त्याचं पुढे काहीच झालं नाही. म्हणून लहानपणी जे जे केलं ते सगळं धरून बसू नका. मी फक्त एवढं बघते की जे काम कोणी सांगितलेलं नसतं, पैसे मिळत नसतात, उलट मार मिळतो, आणि तरी माणूस परत तिथेच जातो, ते कोणतं होतं. आणि त्यात वस्तू कोणती होती हे नाही बघायचं, हात काय करत होते ते बघायचं. रेडिओ, तिकीट, ही नावं बदलत राहतात. हाताची सवय बदलत नाही लवकर.

दोन कामं सांगते. एक, फुकट मिस्त्री हे बंद करा, बायकोचं बरोबर आहे. पेट्रोल आणि वेळ याचे पैसे घ्या, गरिबाचे सोडा, पण केळीचा भाव चढला की नवीन गाडी घेणाऱ्याचे कशाला सोडायचे? दुसरं, गावात एखादा पोरगा असेल जो चालू मोबाईल खोलून बसतो आणि बापाचा मार खातो. त्याला सोबत न्या. आप्पांनी काडीने झोडपलं त्याचा राग मनात असेल तर तो काढायला ही चांगली जागा आहे.

ताई, मी धुळ्याहून, देवपूरमधून लिहितेय. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. आमचं किराणा दुकान आहे, तो लहान असल्यापासून उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर ट्रक काढायचा, आग्रा रोडला उभा राहून बघून यायचा आणि काढायचा. इतकं छान काढायचा की गिऱ्हाईक थांबून बघायचे. म्हणून आम्ही त्याला ड्रॉइंगच्या क्लासला टाकलं, एलिमेंट्री-इंटरमिजिएटची तयारी होईल म्हणून. मिस्टरांनी सांगितलं रोज एक चित्र काढलं की दहा रुपये. पहिले पंधरा दिवस काढली. आता सहा महिने झाले, पेन्सिल हातात घेत नाही. म्हणतो 'आज दहा रुपये नको मला.' आमचं काय चुकलं?

ताई, तुमचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मी पण हेच केलं असतं. आपल्याकडे पोराला काही येतंय दिसलं की लगेच क्लास लावतात, तो आपल्या प्रेमाचा प्रकार आहे. पण तो दहा रुपयांचा सौदा नडला.

याच्यावर एक जुना आणि फार गाजलेला प्रयोग आहे, १९७३ सालचा, अमेरिकेतला, लेपर, ग्रीन आणि निस्बेट अशा तिघांनी केलेला. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची पोरं घेतली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशीच निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही पण काढून झाल्यावर अचानक तेच सर्टिफिकेट दिलं. काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते स्केचपेन ठेवून दिले आणि लांबून बघितलं कोण किती वेळ काढतं. ज्यांच्याशी आधी बोली केली होती ती पोरं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ काढत होती. आणि ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांचं काही बिघडलं नव्हतं! म्हणजे कौतुक करायला हरकत नाही, घरात चित्र चिकटवा, पाहुण्याला दाखवा, सगळं करा. फक्त 'काढशील तर देईन' हे नको, कारण मग पोराच्या डोक्यात ते काम होऊन जातं, आणि काम म्हटलं की सुट्टी आलीच.

म्हणून दहा रुपये बंद. क्लास सोडायचा तर त्याला विचारून सोडा, रागाने नको. आणि उधारीची वही परत दुकानात त्याच जागी ठेवा, कोरी पानं मागे सोडून, काही न बोलता. सहा महिने लागतील कदाचित, कदाचित नाही पण काढणार तो परत, हे पण धरून चला.

पण मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. तुम्ही जी तीन चित्रं फोटो काढून पाठवलीत ती मी चष्मा लावून बघितली. तिन्ही ट्रक मागून काढलेत. एकाचंही तोंड नाही, स्टिअरिंग नाही, ड्रायव्हर नाही. चाकं तर वाकडीतिकडीच आहेत. पण मागच्या फाळक्यावरची अक्षरं, 'हॉर्न ओके प्लीज', 'आईचा आशीर्वाद', ती मात्र अशी काढलीत की 'आ' चा काना खाली जाऊन वळलाय, सावली दिलीय, लाल-पिवळी किनार दिलीय. ताई, तुमच्या पोराला ट्रक आवडतो का नक्की? की ट्रकवर रंगवणाऱ्या पेंटरची अक्षरं आवडतात? क्लासमध्ये त्याला कुंडी आणि फळांची टोपली काढायला लावत असतील तर तो कंटाळणारच, त्याच्या हाताला तिथे करण्यासारखं काही नाही. धुळ्यात हायवेला बॉडी बिल्डिंगची गॅरेजेस असतील, एखाद्या रविवारी मिस्टरांना म्हणा त्याला तिथे घेऊन जा, पेंटर काम करत असेल तर अर्धा तास नुसतं उभं राहू द्या. तिथून आल्यावर 'काय शिकलास' असं कृपया विचारू नका.

मॅम, मी २४ वर्षांची आहे, जळगावला अभ्यासिकेत एमपीएससी करते, गाव शिरपूरकडे. मॉक इंटरव्ह्यूमध्ये विचारलं तुमचा छंद काय, पॅशन काय. मला काहीच सांगता आलं नाही. सगळे काहीतरी सांगतात, ट्रेकिंग, बासरी, वाचन. माझं लहानपण दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचण्यात गेलं, छंद कसला असणार. आई आणि बायकांबरोबर जायची, बोंडाच्या नख्या लागून बोटं सोलायची, तेव्हा मी लहान होते म्हणून कमी वेचायची, मग संध्याकाळी काट्यावर कोणाचे किती किलो झाले ते लिहायचं काम माझ्याकडे असायचं, बस्स एवढंच. मला पॅशनच नाही म्हणजे माझ्यात काही कमी आहे का?

बेटा, पहिलं म्हणजे 'पॅशन' हा शब्द जरा बाजूला ठेव, त्याने तुझ्या पिढीला फार छळलंय. जसं काही प्रत्येकाच्या आत एक हंडा पुरलेला आहे आणि तो सापडला की झालं, नाही सापडला तर तू करंटी.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ड्वेक आणि वॉल्टन, आणि त्यांच्यासोबत ओकीफ, यांनी यावर २०१८ मध्ये अभ्यास छापला. कॉलेजची पोरं होती. कृष्णविवरांवरचा एक मस्त व्हिडिओ दाखवला, बहुतेकांना आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. ज्यांना वाटत होतं की आवड ही आतच ठरलेली असते, फक्त शोधायची असते, त्यांचा उत्साह तो लेख बघून जास्त ढासळला, अवघड वाटतंय म्हणजे हे आपलं नाही असं म्हणून सोडून दिलं. ज्यांना वाटत होतं आवड करता करता वाढते त्यांचा तेवढा नाही ढासळला. म्हणजे हंडा शोधणारे लवकर थकतात. तुझ्याकडे हंडा नाही हे एका अर्थी बरंच आहे.

आणि दुसरं. 'बस्स एवढंच' म्हणून तू जे लिहिलंस ना, त्यावर मी अडकलेय. कापूस वेचणाऱ्या बायकांना किलोवर पैसे मिळतात. काट्यावर अर्धा किलो इकडचा तिकडे झाला की कोणाच्या तरी घरी तेलाची पिशवी कमी येते. त्या सगळ्या बायकांनी ती वही एका शाळकरी पोरीच्या हातात दिली होती, मुकादमाच्या नाही. का दिली असेल? तू चोख लिहायचीस म्हणून. आणि तू प्रशासनात जायचा अभ्यास करतेयस! इंटरव्ह्यूत बासरी सांगायची काही गरज नाही. तिथे ही वही सांग. सांगताना आवाज कापला तरी चालेल, नाटक तेवढं करू नकोस. आणि त्याहून महत्त्वाचं, परीक्षा निघाली किंवा नाही निघाली (नाही पण निघत, तुला माहितीये तुझ्या अभ्यासिकेत किती जण आहेत) तरी ही चोख मोजून ज्याचं त्याला द्यायची सवय तुझ्यासोबत येणार आहे, ती बँकेत चालते, बचतगटात चालते, ग्रामपंचायतीत तर फारच लागते.

छंद हा शब्द माहीत नसलेली माणसं आपल्याकडे काय करून गेली बघ. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई, अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात काम करताना ओव्या जुळवायच्या. त्यांना कोणी विचारलं असतं तुमचा छंद काय तर त्या तुझ्यासारख्याच गप्प बसल्या असत्या बहुतेक. मुलाने आणि घरच्यांनी जे उतरवून ठेवलं ते १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, पुढच्या वर्षी छापून आलं. आणि आज तुझ्या जळगावच्या विद्यापीठाला नाव कोणाचं आहे? म्हणजे तुझी पण ओवी निघेल असं नाही म्हणत मी. काम आणि वेड यांची दोन वेगळी खाती असतात असं तुला कोणीतरी शिकवलंय, ते तेवढं खोडून टाक.

आणि बोटांना खोबरेल लावत जा गं, अजून हिवाळ्यात तडतडत असतील.

संपादक/ताई, ध्येय, आवड वगैरे भरल्या पोटाचे चोचले आहेत. मूस यांच्याकडे घर होतं म्हणून ते पन्नास वर्षं आत बसू शकले. सामान्य माणसाला असलं वाचून फक्त न्यूनगंड येतो. — अमळनेरचा एक जुना वाचक

काका, मूस यांच्या घराबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर आहे, मी लेखात ते लिहायला हवं होतं, राहिलं. घर आणि थोडाफार आधार नसता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

पण तुम्ही अमळनेरचे आहात म्हणून भांडते. तुमच्याच प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी मास्तर होते, बोर्डिंगच्या पोरांसाठी स्वतःच्या हाताने लिहून पत्रक काढायचे, पुढे 'विद्यार्थी' मासिक काढलं. मग नोकरी सोडून चळवळीत गेले, १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात होते, तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि ते उतरवून घेणारे परत गुरुजीच. तेच 'गीता प्रवचने' पुस्तक आज घराघरात आहे. आणि १९४८ ला 'साधना' साप्ताहिक. बोर्डिंग, तुरुंग, साप्ताहिक, जागा बदलत गेल्या पण लिहायचं आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं हे चालूच. आता यात भरलं पोट नेमकं कुठे होतं ते सांगा. तुरुंगातलं जेवण तुम्ही मोजत असाल तर माझा नाइलाज आहे.

न्यूनगंडाचं मात्र मान्य. म्हणून तर हा अंक केळीवाल्याला आणि कापसाच्या वहीला दिला.

ताई, माझं उलटंच आहे. मी भुसावळचा, वय ६६. लहानपणी वाफेच्या इंजिनाचं इतकं वेड की शाळा बुडवून रुळाच्या कडेला जाऊन बसायचो. आणि मला तेच मिळालं! रेल्वेत लागलो, असिस्टंट, मग ड्रायव्हर, ३५ वर्षं गाडी चालवली. सगळे म्हणायचे नशीबवान आहेस. पण आता मला गाडीचा आवाज सुद्धा नको वाटतो. घर स्टेशनपासून लांब घेतलं मुद्दाम. मग ती आवड खोटी होती का? आणि आता नातू पाच वर्षांचा आहे, तो म्हणतो आबा मला इंजिन दाखवायला ने. नेऊ का? मनात नाही माझ्या.

आबा, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि वर इतक्या ऐटीत सगळ्यांना सांगून झाल्यावर हे पत्र उघडलं की माझीच जरा फजिती होते.

खोटी नव्हती. रुळाच्या कडेला बसलेल्या पोराला रात्री दोनचा ड्युटीचा कॉल माहीत नव्हता, रनिंग रूमचं (ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतलं) जेवण माहीत नव्हतं, दिवाळीला घरी नसणं, सिग्नल लाल आहे की पिवळा यावर हजार-दीड हजार माणसांचा जीव, हे काही माहीत नव्हतं. त्याला फक्त धूर, शिट्टी आणि थरथरणारी जमीन माहीत होती. त्याने बसून बघितलं होतं. तुम्हाला जी नोकरी लागली ती बघायची नव्हती, एक क्षण सुद्धा नजर हटू न द्यायची होती. ही दोन वेगळी कामं आहेत आणि बाहेरून दोन्हीला लोक 'इंजिनाचं वेड' म्हणतात. ३५ वर्षं तुम्ही दुसरं काम केलं, नीट केलं असणार, कारण रिटायर होऊन घरी आलात आणि पत्र लिहिताय. त्यात पहिलं वेड वापरलं गेलं असेल तर वापरलं गेलं. केळीची बाग सुद्धा लागवड आणि एक-दोन खोडव्यांनंतर (त्याच बुंध्याच्या पुढच्या पिकांनंतर) काढूनच टाकतात, कोणी म्हणत नाही की केळी खोटी होती. त्यानंतर तिथे हरभरा घेतात, नाहीतर नुसती नांगरून ठेवतात. तुम्ही सध्या नांगरून ठेवलीय असं समजा, घाई काय आहे.

फक्त एक गोष्ट विचारते, उत्तर मला नका पाठवू. शाळा बुडवून तुम्ही तिथे एकटे बसायचे की कोणी सोबत असायचं? कारण तुमच्या पत्रात इंजिनापेक्षा 'कडेला जाऊन बसायचो' हे जास्त जोरात आलंय, आणि ३५ वर्षांत तुम्हाला बसून बघायला कोणी दिलंच नाही.

नातवाला न्या की. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये आहे, ते काढा, तुम्हीच काढलं नाही तर टीसी हसेल. त्याला समोर उभं करा, हात घट्ट धरा, आणि चहा घेऊन बाकावर बसा. इंजिनाकडे पाठ करून बसलात तरी चालेल.